शेजाऱ्याचा विश्वास

परक्यावर विश्वास ठेवणे कठीण, असे आपण म्हणतो. वस्तुतः खोल जखम करितो तो ओळखीचाच हात. खटकचिंचोळी ज्या बिदर जिल्ह्यात वसली आहे, त्याने हे सोसले आहे. निजामी राजवटीच्या अखेरीस रझाकारांनी गावे लुटली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सुडाची लाट निरपराध मुसलमानांवर कोसळली. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार केला व सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत बिदर गणला. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. न बोललेले दुःख संशय होऊन मुलांच्या वाट्यास येते.

परंतु त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. काही हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले. हिंदू विणकरांनी तर प्राणांची पर्वा न करिता मुसलमान विणकरांस वाचविले. रोजच्या सहवासात त्यांस परस्परांची पारख झाली असावी.

वाचकहो, मुलांस घाव घालणाऱ्याची कथा सांगाल, तेव्हा दार उघडणाऱ्याचीही सांगा. अर्धे सत्य ऐकून वाढलेले मूल शेजाऱ्यावर विश्वास कसा ठेवील?