पिवळ्या पंचाचं गाव: पिट्सबर्ग स्टीलर्सचे मोठे खेळाडू



गणपती येऊन गेले की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत रविवारी दुपारी एकच प्रसंग घडतो. मुलं टीव्हीसमोर फुटबॉल बघत असतात, भारतातून आलेले आजोबा शेजारी बसलेले असतात, आणि पाचव्या मिनिटाला ते विचारतात, "अरे, हे सारखे थांबतात कशाला?" मुलांना उत्तर माहीत असतं, पण मराठीत सांगता येत नाही. आईबाबांना मराठी येतं, पण उत्तर माहीत नसतं. मग आजोबा फोन काढतात आणि बातम्या वाचत बसतात.

आजचा भाग या तिन्ही पिढ्यांसाठी आहे. आपण एकच संघ घेऊ, पिट्सबर्ग स्टीलर्स, आणि त्याच्या इतिहासातले मोठे खेळाडू ओळखून घेऊ. शेवटी एक अवघड प्रश्नही घेऊ. तुमचा मुलगा शाळेतून फुटबॉलचा फॉर्म घेऊन आला, की सहीसाठी पेन उचलताना तो तुम्हाला पडणारच आहे.

आधी आजोबांचं उत्तर. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. प्रत्येक प्रयत्न म्हणजे कबड्डीतली एक चढाई समजा. चढाई संपली की थांबायचं आणि पुढची कशी करायची ते ठरवायचं. म्हणून ते सारखे थांबतात. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, म्हणजे ६ गुण.

आता संघाकडे वळू. आर्ट रूनी यांनी १९३३ मध्ये हा संघ काढला. गाव पोलादाचं, म्हणून पुढे नाव स्टीलर्स. पण पहिल्या जवळजवळ ४० वर्षांत या संघाने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. पोरगं दर वर्षी नापास होतं, तरी आई डबा भरून देते, तसं गाव या संघावर माया करत राहिलं.

१९६९ मध्ये चक नोल प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी सर्वात आधी निवडला जो ग्रीन. टेक्सासमधल्या फारशा नाव नसलेल्या कॉलेजातून आलेला हा मुलगा कोण, असं गावानेच विचारलं. पहिल्या वर्षी १४ सामन्यांत एकच विजय मिळाला. पण ग्रीनचं काम होतं समोरच्यांची चढाई जागीच मोडायची, आणि त्यात त्याला तोड नव्हती. त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या बचावाच्या फळीला लोक 'स्टील कर्टन', पोलादी पडदा म्हणू लागले. त्याचा ७५ हा क्रमांक आता संघात कोणालाही दिला जात नाही.

या यशामागे एक पत्रकारही होता. बिल नन 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात क्रीडा संपादक होते. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधले उत्तम खेळाडू त्यांना माहीत होते, कारण इतर संघ तिकडे फारसे फिरकत नव्हते तेव्हा ते तिथले सामने बघत होते. स्टीलर्सने त्यांना आपल्याकडे घेतलं. मेल ब्लाउंट, एल. सी. ग्रीनवुड, जॉन स्टॉलवर्थ हे सगळे अशाच कॉलेजांतून आले. १९७४ मध्ये तर स्टीलर्सने एकाच वर्षाच्या निवडीत लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर असे चार खेळाडू उचलले, आणि चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. या चौघांतलं वेब्स्टर हे नाव लक्षात ठेवा.

आता २३ डिसेंबर १९७२ ची गोष्ट. ओकलंड रेडर्सविरुद्ध बाद फेरीचा सामना. स्टीलर्स ७-६ असे मागे, २२ सेकंद शिल्लक, आणि हातात शेवटचा, चौथा प्रयत्न. क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉने चेंडू लांब फेकला. तिथे दोन खेळाडूंची धडक झाली आणि चेंडू उलटा उडाला. सगळं संपलं असं वाटत असताना फ्रँको हॅरिसने तो जमिनीला टेकायच्या आत बुटांजवळ झेलला आणि तसाच धावत सुटला. टचडाउन! स्टीलर्स १३-७ ने जिंकले. या झेलाचं नाव पडलं 'इमॅक्युलेट रिसेप्शन'. गंमत म्हणजे त्या काळच्या नियमामुळे गावातला सामना गावातल्या टीव्हीवर दाखवत नसत. तिकीट न मिळालेल्या पिट्सबर्गकरांना हा चमत्कार रेडिओवरच ऐकावा लागला. रेडिओवाल्यांना याचा अभिमान वाटणारच.

फ्रँकोचे वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक, तर आई इटलीहून लग्न होऊन आलेली. गावातल्या इटालियन लोकांनी त्याला आपलाच मानून 'फ्रँकोज इटालियन आर्मी' उभी केली. तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत धावत राहिला आणि स्टीलर्सने सहा वर्षांत चार सुपर बोल जिंकले. २०२२ मध्ये त्या झेलाला ५० वर्षं पूर्ण होण्याच्या तीन दिवस आधी फ्रँको गेला. ठरल्याप्रमाणे २४ डिसेंबरला त्याचा ३२ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला गेला, फक्त तो समोर नव्हता.

संघ जिंकत होता त्याच सुमारास पोलादाचे कारखाने मात्र बंद पडू लागले. हजारो कुटुंबं पोटासाठी गाव सोडून देशभर पांगली. जाताना त्यांनी बरोबर नेला तो पिवळा पंचा, 'टेरिबल टॉवेल'. १९७५ मध्ये रेडिओ समालोचक मायरन कोप यांनी ही कल्पना काढली. आजही कुठल्याही शहरात स्टीलर्स खेळायला गेले की प्रेक्षागृहात पिवळे पंचे फिरू लागतात. सोमवतीला जेजुरीत भंडारा उधळतात, तो पिवळा रंग आठवतो. १९९६ मध्ये कोप यांनी या पंचाचे हक्क बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांची काळजी घेणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. त्यांचा स्वतःचा मुलगा तिथेच राहत होता. गाव सुटलं तरी खूण सुटत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पेन हिल्समधलं व्यंकटेश्वराचं मंदिरही त्याच दशकात उभं राहिलं. गावातून एक पिढी बाहेर पडत होती आणि आपली एक पिढी तिथे येत होती.

पुढच्या काळातला हाइन्स वॉर्ड आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखा. तो सोलमध्ये जन्मला. आई कोरियन, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं, आणि ती एकटीने दोन-तीन नोकऱ्या करून त्याला वाढवत होती. ती शाळेत सोडायला आली की मित्रांनी बघू नये म्हणून आपण गाडीत खाली वाकायचो, हे त्याने स्वतः मोठेपणी सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. शाळेत डब्यातली भाजी लपवणाऱ्या आपल्या मुलांना हे लगेच कळेल. फेब्रुवारी २००६ च्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी आईला घेऊन कोरियाला गेला. मिश्र वंशाच्या मुलांना तिथे जो त्रास होतो त्याबद्दल तो बोलला, त्यांच्यासाठी त्याने मदतीचं काम सुरू केलं.

आता वेब्स्टर, आणि तो अवघड प्रश्न.

माइक वेब्स्टर सेंटर होता. प्रत्येक चढाई सेंटरच्या हातातून सुरू होते आणि पुढच्याच क्षणी समोरचा खेळाडू त्याच्यावर आदळतो. वेब्स्टर स्टीलर्ससाठी १५ वर्षांत २२० सामने खेळला. निवृत्तीनंतर त्याची स्मरणशक्ती गेली, संसार विस्कटला, कित्येक रात्री त्याने गाडीत काढल्या. २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी तो वारला. पिट्सबर्गमध्येच काम करणारे, नायजेरियातून आलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली. वरून मेंदू ठीक दिसत होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली टाउ नावाच्या प्रथिनाच्या गाठी सापडल्या. या आजाराला सीटीई म्हणतात. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लीगने तो आधी नाकारला, पण फुटबॉल आणि या आजाराचा संबंध आहे हे २०१६ मध्ये लीगच्या अधिकाऱ्याने मान्य केलं.

पालकांनी यातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, धोका एका मोठ्या आघाताचाच नसतो. वर्षानुवर्षं बसणारे छोटे धक्केही साठत जातात. दुसरी, हेल्मेट कवटी वाचवतं, पण आत मेंदू हलायचा थांबत नाही. तिसरी, डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी मुलाने पुन्हा मैदानात उतरू नये. शाळेच्या खेळांसाठी आता सगळ्या राज्यांत याबाबत कायदे आहेत. सही करण्याआधी प्रशिक्षकाला दोन प्रश्न विचारा: सरावात पूर्ण धडकेचे दिवस आठवड्यातून किती, आणि मार लागल्यावर मुलाला बाहेर काढायचं हे कोण ठरवतं? उत्तर देताना ते चाचपडले, तर पेन खाली ठेवा.

"नाही" म्हणायचं ठरवलंत तर सोबत एक "हो"सुद्धा द्या. फ्लॅग फुटबॉलमध्ये कमरेला लावलेली पट्टी ओढली की चढाई संपते, कोणी कोणाला आडवं पाडत नाही. मुलीही मोठ्या संख्येने खेळतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, आणि त्याच स्पर्धेत क्रिकेटही आहे. दोन्हींचा निर्णय एकाच बैठकीत झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत.

तेव्हा येत्या रविवारी टीव्ही लावा आणि आजोबांना मधोमध बसवा. चौथा प्रयत्न आला की मुलांना म्हणा, "आता मराठीत सांग बरं, काय चाललंय?" शब्द अडला तर चढाई म्हणा, पकड म्हणा, चालेल.

पुन्हा भेटू. नमस्कार.