कॉफीच्या कडवटपणाची कैफियत

ज्या मुलखात पाहुण्याच्या आदरातिथ्याचा आरंभ चहाने होतो आणि निरोपही चहानेच दिला जातो, त्या नांदेड-लातूरकडच्या घरांत कॉफीचा प्रवेश झाला तो पाहुणी म्हणून. आणि पाहुणीने घरच्या शिरस्त्याप्रमाणे वागावे, या न्यायाने तिला चहाचीच रीत लागू करण्यात आली. पातेल्यात पाणी, दूध, साखर आणि पूड एकदमच घालून सारे खळखळा उकळावयाचे, आणि मग जे कडवट पेय हाती येते त्याचा दोष कॉफीच्या जातीवर ठेवून वर आणखी एक चमचा साखर घालावयाची, असा हा परिपाठ आहे. या फिर्यादीची रीतसर चौकशी रसायनशास्त्राने केली असून तिचा निवाडा मात्र निराळा आहे.

संशय प्रथम जातो तो कॅफीनवर. कॅफीन कडू आहे यात वाद नाही. परंतु कॉफीच्या एकूण कडवटपणात त्याचा वाटा अवघा दहा-पंधरा टक्क्यांचा मानला जातो, आणि कॅफीन काढून टाकलेली कॉफीदेखील कडूच लागते, हे त्याचे प्रत्यक्ष प्रमाण होय. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातील थॉमस हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने २००७ साली दाखवून दिले, की कॉफीच्या हिरव्या बियांत विपुल असलेली क्लोरोजेनिक आम्ले भाजताना लॅक्टोन नामक संयुगांत रूपांतर पावतात आणि त्यांतून सौम्य, सुखद असा कडवटपणा उपजतो. पण भाजणी तशीच पुढे रेटली, तर याच लॅक्टोनांचे विघटन होऊन फेनिलइंडेन निर्माण होतात, आणि जिभेवर रेंगाळणारा उग्र कडवटपणा तो यांचा. तात्पर्य, कॉफीचा कडवटपणा बीजात थोडा आणि भट्टीत फार असतो.

म्हणून कॉफीची निवड करताना पहिली नजर भाजणीवर असावी. पूड तपकिरी, मध्यम भाजणीची घ्यावी. काळीभोर व तेलाने चकाकणारी टाळावी. दुसरा विचार वाणाचा. बाबा बुदन यांनी मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी जी आख्यायिका आहे, ती अरेबिका वाणाची. परंतु आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचेच प्रमाण अधिक आहे. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, क्लोरोजेनिक आम्लेही जास्त, आणि कडवटपणाही त्याच मानाने चढा. आपल्या राज्यात विदर्भातील चिखलदरा कॉफीच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. मराठवाड्यात मात्र बहुतेक पूड दक्षिणेकडूनच येते. तिसरा विचार चिकोरीचा. ही भाजलेली मुळाची पूड कॅफीनरहित खरी, पण स्वतः कडूच. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते व दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. तेव्हा दर पाहण्याआधी तो मजकूर वाचण्याची तसदी घ्यावी.

यानंतर येते पाणी, आणि आमच्या भागात पाण्याचा प्रश्न कधीच किरकोळ नसतो. २०१६ च्या एप्रिलात ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, तेथे विंधन विहिरींवर भिस्त ठेवणारी घरे पुष्कळ; आणि बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचा भरणा असतो. बायकार्बोनेट कॉफीतील आम्लांचे उदासीनीकरण करते. कडवटपणास तोलून धरणारी आंबूस छटा त्यामुळे लोपते आणि मागे उरतो तो निव्वळ कडू, खडूसारखा स्वाद. उलटपक्षी, यंत्राने क्षार पूर्णपणे काढलेल्या पाण्यात चव नीट उतरत नाही. गाळलेल्या पाण्यात थोडे साधे पाणी मिसळणे, ही मधली तजवीज होय.

आता कृतीकडे वळू. पुडीतून प्रथम आम्ले व सुगंधी द्रव्ये उतरतात, मग गोडसर अंश, आणि अखेरीस जड, कडू द्रव्ये. म्हणजे उकळी ही शेवटच्या मंडळींना मुद्दाम धाडलेले आमंत्रणच ठरते. जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतील टिपकागद वापरून गाळणी सिद्ध केली आणि तिचे अधिकारपत्र मिळवले, ते कडवट गाळाच्या त्रासातून सुटण्यासाठीच. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सियस असावे; बालाघाटच्या पठारावरील लातुरात ते शंभराच्या एक-दोन अंश आधीच उकळते, तेव्हा चुलीवरून उतरवून अर्धा-पाऊण मिनिट थांबले की झाले. २०० मिलिलिटर पाण्यास सुमारे १२ ग्रॅम जाडसर पूड घ्यावी, ती चार मिनिटे झाकून ठेवावी आणि फडक्यातून गाळावी. फडके पिळू मात्र नये. कडू लागते म्हणून पूड कमी घालणे हा उलटा उपाय आहे, कारण थोड्या पुडीतून पुष्कळ पाणी काढू गेल्यास प्रत्येक कणाचा कडू अंशही ओढला जातो.

दूध नंतर, निराळे तापवून घालावे. त्यातील केसीन हे प्रथिन कडू पॉलिफेनॉलांना बांधून ठेवते, त्यामुळे साखरेची गरज आपोआप घटते. पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले होते, की सोडियम कडू चवीचे दमन करते. तेव्हा एका पेल्यास मिठाची जेमतेम चिमूट घातली, तरी अंतर जाणवते. आमच्या आजी-पणजींनी कॉफीत जायफळ घालण्याचा जो रिवाज पाडला, तोही निराधार नव्हता: जायफळ कडू द्रव्ये नाहीशी करीत नाही, परंतु त्याचा गोडसर सुवास नाकावाटे चवीचा तोल बदलतो.

सारांश, कडवटपणाचा मोठा हिस्सा भाजणीचा, पाण्याचा आणि उकळीचा आहे, आणि तिघांवरही गृहस्थाश्रमाची हुकूमत चालते. साखरेचा डबा उघडण्यापूर्वी वाचकांनी एकवार कॉफी न उकळता करून पाहावी.