दर्शकाविना नेम

साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी २०२३ साली बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुष्यावर जगज्जेतेपद मिळविले आणि सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. परंतु ही कीर्ती दर्शक, म्हणजे नेम धरण्याचे साधन, लावलेल्या धनुष्यांची, तर राष्ट्रीय स्पर्धांतील इंडियन राउंडमध्ये बांबूच्या साध्या धनुष्याने ३० व ५० मीटरांवरील निशाण निव्वळ नजरेच्या अंदाजाने साधावे लागते. सेकंदास ५० मीटर वेगाने सुटलेला बाण, वाऱ्याचा विरोध बाजूस ठेवला तरी, ३० मीटर जाईपर्यंत मूळ रेषेखाली पावणेदोन मीटर आणि ५० मीटरांपर्यंत जवळजवळ पाच मीटर उतरतो. तेव्हा बाणाचे टोक लक्ष्याच्या मध्यावर धरून कसे चालेल? चालते, पण एकाच अंतरावर. कारण ओढलेल्या बाणाचे शेपूट डोळ्याखाली असल्यामुळे, टोकावरून पाहणाऱ्या दृष्टिरेषेच्या मानाने बाण किंचित वरच रोखलेला असतो, आणि त्याचा चढ व उतार जेथे ही रेषा पुन्हा गाठतात ते त्या धनुर्धराचे खास अंतर होय. त्याहून जवळच्या लक्ष्यासाठी टोक खाली धरावे, दूरच्यासाठी वर.

सर्वांत कडक शिस्त मात्र हनुवटीपाशी टेकणाऱ्या हाताची, कारण तोच येथे मागच्या दर्शकाचे काम करतो: ७० सेंटिमीटरांच्या बाणाचे शेपूट एकाच सेंटिमीटराने सरकले, तर ५० मीटरांवर सुमारे ७० सेंटिमीटरांचा फरक पडतो.