जनसंपर्क : बोलण्याआधी लिहिण्याची नोकरी

बारावीचा निकाल लागला की पालकांची शाळेत रीघ लागते. विज्ञान शाखेचे प्रश्न ठरलेले असतात : नीटचे गुण किती, बीफार्मसाठी कॉलेज कोणते. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांचे आईवडील मात्र जरा दबकतच विचारतात, "डीएड-बीएड सोडून आमच्या पोरांसाठी काही आहे का?" अशा पालकांपुढे आम्ही जे दोन-चार मार्ग ठेवतो त्यांत एक जनसंपर्काचा असतो. इंग्रजीत पब्लिक रिलेशन्स, बोलताना नुसते पीआर. त्यावर हमखास उत्तर येते, "आमची शबाना बोलायला धीट आहे, तिला जमेल," किंवा "आमचा मुलगा मुखदुर्बळ, त्याचे हे काम नव्हे." दोन्ही निकाल घाईचे आहेत. या धंद्यात पहिली पाच वर्षे बोलण्यापेक्षा लिहिणेच जास्त असते.

एखादे रुग्णालय, बँक, विद्यापीठ, कारखाना किंवा सेवाभावी संस्था लोकांपुढे काय सांगते, केव्हा सांगते आणि कोणाकरवी सांगते, हे ठरवणारा माणूस म्हणजे जनसंपर्क व्यवस्थापक. जाहिरात आणि जनसंपर्क यांत लोक गल्लत करतात. जाहिरातीची जागा पैसे मोजून विकत घ्यावी लागते. जनसंपर्कवाल्याला बातमीदारासमोर असा मजकूर ठेवावा लागतो, की तो त्याने स्वतः तपासून छापण्याजोगा मानावा. म्हणून प्रेसनोट लिहिणे, पत्रकार परिषद भरवणे, साहेबांचे भाषण तयार करणे, कर्मचाऱ्यांचे गृहपत्र काढणे, समाजमाध्यमांवर आलेल्या तक्रारींना उत्तरे देणे, ही रोजची कामे.

खरी परीक्षा संकटात होते. 1982 साली अमेरिकेत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्या घेऊन सात माणसे दगावली. दुकानात ठेवलेल्या बाटल्यांत कोणीतरी सायनाइड मिसळले होते. कारखान्याचा त्यात दोष नव्हता. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला "आमची चूक नाही" एवढे म्हणून मोकळे होता आले असते. तिने उलट केले. गोळ्या घेऊ नका, असे तिने स्वतःच लोकांना बजावले, जाहिराती थांबवल्या, चौकशीसाठी मोफत दूरध्वनी सुरू केला आणि देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. काही आठवड्यांतच तिहेरी मोहोर असलेल्या बाटलीतून तेच औषध पुन्हा बाजारात आले आणि लोकांनी ते घेतले. जनसंपर्क शिकवला जातो तिथे हा धडा बहुधा असतोच. "हे तर खोटे रंगवून सांगण्याचे काम," असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही हाच किस्सा सांगतो. रंगवून सांगणारे या क्षेत्रात आहेत, नाही असे नाही. पण एकदा खोटी माहिती देणाऱ्याचा फोन बातमीदार दुसऱ्यांदा उचलत नाहीत.

आता शिक्षणाचे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. मुंबई विद्यापीठात पूर्वी बीएमएम नावाने असलेली पदवी आता बीएएमएमसी म्हणून ओळखली जाते. तिच्यात पत्रकारिता आणि जाहिरात यांबरोबर जनसंपर्काचीही ओळख होते. पण साधे बीए करून पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतले तरी काही बिघडत नाही. इतिहास, अर्थशास्त्र किंवा साहित्य नीट वाचलेल्या मुलाच्या लेखणीला वजन येते, असे आमचे मत आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट या नावाने सर्वांना माहीत असलेला विद्यापीठाचा विभाग आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, म्हणजे आयआयएमसीत, जाहिरात आणि जनसंपर्काचा खास पदव्युत्तर डिप्लोमा आहे. याच संस्थेचे एक केंद्र आपल्या अमरावतीत असून तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे, जनसंज्ञापनात नाव कमावलेले जामिया मिल्लिया आहे. खासगी संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काहींची फी ऐकून छातीत धस्स होते. कर्ज काढण्यापूर्वी तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांना गाठून विचारावे की नोकरी कुठे लागली. माहितीपत्रकातल्या चकचकीत छायाचित्रांवर जाऊ नये; तेही जनसंपर्काचेच काम असते!

सरकारी नोकरीची ओढ आपल्या घरांत मोठी. राज्य शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. 'लोकराज्य' मासिक त्यांचेच, आणि ते मराठीबरोबर उर्दूतही निघत आले आहे. जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. त्यांसाठी पदवीबरोबर पत्रकारितेचे शिक्षण आणि अनुभव मागतात, म्हणून जाहिरातीतल्या अटी शब्दन् शब्द वाचाव्यात. केंद्रात जायचे तर नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवा मिळते.

भाषेविषयी थोडे सविस्तर. इंग्रजी लागतेच, मोठ्या एजन्सीत कामकाज त्याच भाषेत चालते. पण मराठी वर्तमानपत्राला इंग्रजीतून उतरवलेली ओबडधोबड प्रेसनोट पाठवली की ती टोपलीत जाते. आपल्या कितीतरी घरांत मुले शाळेत मराठी लिहितात, मदरशात किंवा आजोबांकडे उर्दू वाचतात, बाजारात हिंदी बोलतात. मालेगाव, भिवंडी, औरंगाबादसारख्या गावांत लसीकरणाची किंवा मतदार नोंदणीची माहिती घराघरांत पोचवायची असेल, तर दोन्ही लिपी जाणणारा माणूस शोधावा लागतो. आईबाप मात्र हीच गोष्ट मुलांकडून लपवून ठेवायला सांगतात, जणू उर्दू येणे हा इंग्रजी न येण्याचा पुरावा आहे. अर्जात तिन्ही भाषा ठळक लिहाव्यात.

मुलींच्या बाबतीत एक शंका हमखास निघते : वेळीअवेळी कार्यक्रम, परके लोक. एजन्सीत उशीर होतो, हे खरे. रुग्णालय, विद्यापीठ, बँक किंवा संस्थेच्या जनसंपर्क कक्षात वेळा बऱ्याच ठरलेल्या असतात. म्हणून सगळ्या क्षेत्रालाच नकार देण्याआधी नोकरी कुठल्या प्रकारच्या जागी आहे ते पाहावे, आणि मुलीलाही विचारावे.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. व्यवस्थापक हे पद काही वर्षे बातमीदारांशी, ग्राहकांशी आणि वरिष्ठांशी निभावल्यावर मिळते. म्हणून कॉलेजातच फाइल तयार करायला लागावे. मोहल्ल्यातल्या रक्तदान शिबिराची बातमी दीडशे शब्दांत मराठीत लिहावी, तीच उर्दूत लिहावी, आणि स्थानिक दैनिकाकडे स्वतः नेऊन द्यावी. छापून आली की उपसंपादकाने कोणती वाक्ये कापली ते मूळ कागदाशी ताडून पाहावे. कात्रण आणि मूळ कागद दोन्ही फाइलला लावावेत. मुलाखतीत त्या फाइलवरच बोलणे निघते.