दीर्घ प्रवासानंतर समुद्रफुलाचे पुनर्वसन : घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील काही शास्त्रीय बाबी

प्रास्ताविक

मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरी जिल्हा ओलांडला की सिंधुदुर्गात प्रथम लागते ते खारेपाटण. विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या अंगाला वसलेले हे गाव एकेकाळी बंदर होते. शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३० म्हणजे इ. स. १००८ च्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरील कराचा उल्लेख येतो, तो ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. आज समुद्रापारचे काही या गावात यायचे तर ते बहुधा रस्त्याने, थर्माकोलच्या खोक्यातून येते. प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका खोक्यातून येणारा प्राणी आहे.

इंग्रजीत सी ॲनिमोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यास मराठीत समुद्रफूल म्हणतात. 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट २००३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर क्लाऊनफिश हा मासा आणि त्याचे हे जिवंत घर यांची मागणी जगभर वाढली. महाराष्ट्रातही हौशी मत्स्यालयांत, तसेच काही शिक्षणसंस्थांच्या प्राणिशास्त्र विभागांत समुद्रफुले ठेवली जाऊ लागली. मात्र आणलेले समुद्रफूल पहिल्या काही आठवड्यांतच मरते, असा अनुभव सर्रास येतो. प्रवासात झालेली हानी ओळखता न येणे आणि ती भरून काढण्याच्या उत्साहात नवी हानी करणे, ही यामागील दोन प्रमुख कारणे होत.

वस्तुतः हा प्राणी अल्पायुषी नाही. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल एडिंबरो येथे काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले. त्याच्या मालकाचे निधन होऊन छत्तीस वर्षे झाली होती. विजेचा पंप नाही, कृत्रिम दिवा नाही. वेळोवेळी बदललेले समुद्राचे पाणी आणि अधूनमधून शिंपल्याचा तुकडा, एवढ्यावर ते टिकले. अर्थात ते थंड समुद्रातील, सूर्यप्रकाशावर फारसे अवलंबून नसलेले समुद्रफूल होते. उष्ण कटिबंधातील, क्लाऊनफिशला आश्रय देणाऱ्या जातींची गोष्ट वेगळी आहे.

प्राण्याची रचना आणि सहजीवन

समुद्रफूल निडारिया संघात मोडते. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा संघ सीलेंटेराटा या नावाने येतो. खाली पादबिंब, मध्ये स्तंभासारखे शरीर, वर मुखबिंब आणि त्याभोवती संस्पर्शकांचे झुबके, अशी त्याची साधी रचना आहे. त्यास हाडे नाहीत, कवच नाही. शरीराला आकार मिळतो तो आतील पोकळीत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. मुख आणि गुदद्वार एकच. ही शेवटची गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते, कारण न पचलेले अन्न, आतील शिळे पाणी आणि नकोसे झालेले शैवाल हे सर्व एकाच मार्गाने बाहेर पडते आणि नवशिक्याला त्यातील आजार कोणता व नित्यक्रम कोणता हे कळत नाही.

उष्ण समुद्रांतील अनेक जातींच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. प्रकाशसंश्लेषणातून निर्माण झालेल्या अन्नाचा मोठा वाटा ही शैवाले यजमानाला देतात आणि त्याच्याकडून नायट्रोजनयुक्त उत्सर्जित द्रव्ये व कार्बन डायऑक्साइड घेतात. समुद्रफुलाचा तपकिरी, हिरवट किंवा फिकट जांभळा रंग बऱ्याच अंशी या सहजीवनाची खूण असते. तापमान, अंधार किंवा पाण्यातील बदल यांचा ताण असह्य झाला की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर फेकले जाते आणि प्राणी पांढरा पडतो. समुद्र तापल्यावर प्रवाळांचे जे विरंजन होते, तीच ही प्रक्रिया. शुभ्र समुद्रफूल दुकानात सुंदर दिसते, परंतु ते उपाशी असते. काही विक्रेते अशा प्राण्यास पिवळा वा गुलाबी रंग देऊन विकतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

पिशवीतील रसायनशास्त्र

मुंबई किंवा चेन्नईहून पाठविलेले समुद्रफूल कोकणातील गावी पोहोचेपर्यंत एक ते दीड दिवस सहज जातो. प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, वर भरलेला प्राणवायू आणि पूर्ण अंधार अशा स्थितीत तो प्राणी असतो. श्वसनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो व पाण्याचा सामू घसरतो. त्याच वेळी उत्सर्जनातून अमोनियाही साठत असतो. सामू कमी असेपर्यंत त्यातील बहुतांश भाग अमोनियम आयनाच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वर चढतो आणि तोच साठा विषारी मुक्त अमोनियात रूपांतरित होऊ लागतो. सामू एकने वाढला तर मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते.

येथे एक पेच उद्भवतो. समुद्रफुलाच्या शरीरद्रवाची क्षारता भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. ती स्वतंत्रपणे राखण्याची यंत्रणा त्यास नाही. म्हणून लवणतेचा बदल सावकाश व्हावयास हवा. उलट अमोनियाचा धोका पाहता प्राण्यास पिशवीच्या पाण्यातून लवकर बाहेर काढावयास हवे. नळीतून थेंबथेंब पाणी सोडत दोन-तीन तास पिशवी उघडी ठेवण्याचा जो प्रघात आहे, तो दुसऱ्या बाजूचा विचार करीत नाही. यावर सयुक्तिक उपाय असा की बंद पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान करावे. नंतर पिशवी उघडून तिच्यातील पाण्याची लवणता मोजावी. तेवढ्याच लवणतेचे, त्याच तापमानाचे स्वच्छ व वायुयुक्त पाणी एका वेगळ्या भांड्यात तयार करून प्राणी विनाविलंब त्यात हलवावा, आणि मग त्या भांड्यातील लवणता काही तासांत मुख्य टाकीच्या पातळीवर आणावी. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

हाताळताना हातमोजे घालावेत. दंशकोशिकांचे विष माणसाच्या त्वचेला बहुधा किरकोळ त्रास देते. तथापि पुन्हापुन्हा होणारा संपर्क निराळा. शार्ल रिशे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रफुलाच्या विषाचेच प्रयोग कुत्र्यांवर केले असता, पहिली मात्रा सोसलेला प्राणी दुसऱ्या अल्प मात्रेने दगावतो असे त्यांना आढळले. त्यातून तीव्र अधिहर्षतेची संकल्पना पुढे आली व १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पाणी : मीठ, विहीर आणि खाडी

समुद्रफुलासाठी लवणता दर हजारी ३५ च्या आसपास, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. अमोनिया व नायट्राइट शून्य असणे अनिवार्य आहे. टाकी किमान सहा महिने चालू असावी, असा जाणकारांचा आग्रह असतो. जिवाणूंचे चक्र स्थिरावण्यास आणि पाण्यातील चढउतार मंदावण्यास तेवढा काळ लागतो. नवी टाकी आणि नवे समुद्रफूल एकाच आठवड्यात आणणे म्हणजे प्रवासातून वाचलेल्या प्राण्यास दुसऱ्या संकटात लोटणे होय.

खारेपाटणसारख्या ठिकाणी पाण्याचा प्रश्न विशेष विचार करण्याजोगा आहे. खाडी गावालगत असली तरी तिचे पाणी निमखारे असते व पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने ते जवळपास गोडे होते. त्यामुळे ते निरुपयोगी. विजयदुर्ग किंवा देवगडच्या खडकाळ किनाऱ्यावरून हिवाळ्यात व उन्हाळ्यात आणलेले पाणी गाळून, अंधारात साठवून वापरता येते, मात्र जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्याजवळील समुद्रही गढूळ आणि पातळ झालेला असतो. शिरोड्याचे मीठ पाण्यात विरघळवून काम भागेल, असा समज क्वचित आढळतो. मिठागरात प्रामुख्याने सोडियम क्लोराइडचे स्फटिक गोळा केले जातात. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यातच राहतात, तर कॅल्शियमचा बराचसा भाग आधीच्या टप्प्यावर तळाशी बसतो. तेव्हा असे मीठ खारट पाणी देईल, समुद्राचे पाणी देणार नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम सागरी मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात आणि शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून, एक दिवस हवा खेळवून वापरणे हाच खात्रीचा मार्ग. जांभ्याच्या प्रदेशातील विहिरीचे पाणी मृदू असले तरी त्यात लोहाचा अंश असू शकतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते.

उन्हाळ्यात बाष्पीभवनाने टाकीचे पाणी घटते, क्षार मात्र मागे राहतात. ही घट खाऱ्या पाण्याने भरून काढल्यास लवणता दिवसेंदिवस चढत जाते. भर घालावयाची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. पावसाळ्यातील वादळात वीज खंडित होणे कोकणास नवे नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही येथे चैन नव्हे, गरज आहे. दुर्बल समुद्रफूल साचलेल्या पाण्यात रात्र काढू शकत नाही.

पहिले काही दिवस

टाकीत सोडताना समुद्रफुलाचा पाय खडकाच्या कपारीजवळ टेकवावा आणि तो चिकटेपर्यंत प्रवाह मंद ठेवावा. पायाला फाटल्याची जखम असल्यास जगण्याची शक्यता बरीच घटते. त्यामुळे विकत घेतानाच पाय पाहून घेणे श्रेयस्कर. जागा न आवडल्यास प्राणी सरकत जातो. या भ्रमंतीत तो पंपाच्या तोंडाशी ओढला जाऊन त्याचे तुकडे होतात आणि त्या विषारी लगद्याने टाकीतील मासेही मरतात. पंपांच्या मुखांवर स्पंजाचे किंवा जाळीचे आवरण आधीच बसविलेले असावे. चिकटलेल्या प्राण्यास ओढून दुसरीकडे हलवू नये.

पहिल्या आठवड्यात समुद्रफूल दिवसातून एक-दोनदा पूर्ण आकसते, मुखातून तपकिरी धागे टाकते आणि काही तासांनी पुन्हा फुलते. हा शिळे पाणी व जादा शैवाल बाहेर टाकण्याचा क्रम असून त्यात घाबरण्यासारखे काही नाही. काळजीची लक्षणे निराळी आहेत : मुख सतत ढिले व उघडे राहणे, त्यातून आतील तंतू बाहेर येणे, संस्पर्शकांचा चिकटपणा नाहीसा होणे आणि दिवसभरात एकदाही न फुलणे. शरीर विरघळू लागून कुजका वास आला तर प्राणी मेला असे समजून तत्काळ बाहेर काढावा व बरेचसे पाणी बदलावे. या वेळी आशेने थांबणे इतर जीवांना महागात पडते.

प्रकाशाच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. पांढरा पडलेला प्राणी उपाशी आहे, म्हणून त्यास भरपूर प्रकाश द्यावा, हा तर्क वरकरणी बरोबर वाटतो. परंतु उरलेल्या थोड्या शैवालावर एकदम तीव्र प्रकाश पडला की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, प्राणवायूचे घातक मूलक तयार होतात आणि विरंजन वाढते. दीड दिवस अंधारात काढलेल्या प्राण्यास पहिले दोन दिवस मंद उजेड पुरे. पुढे तीन-चार आठवड्यांत प्रकाश क्रमाक्रमाने वाढवावा.

तोपर्यंतची उपासमार टाळावयाची ती अन्नाने. पहिले तीन-चार दिवस काहीच देऊ नये. मुख घट्ट मिटलेले आणि संस्पर्शक चिकट दिसू लागले की ताजी कोळंबी किंवा तिसऱ्यांचे मांस तांदळाच्या दाण्याएवढे बारीक करून, आठवड्यातून दोन-तीनदा, चिमट्याने संस्पर्शकांवर ठेवावे. मोठा तुकडा प्राणी गिळतो खरा, पण पाचक रस अपुरे असल्याने तो आत कुजतो आणि दुसऱ्या दिवशी ओकला जातो. अशा उलटीत कमावल्यापेक्षा गमावलेलेच अधिक असते. टाकलेला घास लगेच काढून घ्यावा. पुन्हा तपकिरी छटा येण्यास काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

प्रतिजैविकांचा प्रश्न

परदेशातील हौशी पाळणारे, समुद्रफूल खंगत चालले तर वेगळ्या टाकीत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक वापरतात व त्यास यश येते असे सांगतात. प्रवासात जिवाणुसंसर्ग होत असल्याने यात तथ्य असू शकते. तथापि भारतात हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळावयाचे आहे, आणि औषधमिश्रित पाणी गटारात व तेथून खाडीत सोडणे हा प्रतिरोधी जिवाणू वाढविण्याचाच मार्ग आहे. शिवाय मुख्य टाकीत औषध टाकल्यास अमोनियाचे चक्र सांभाळणारे जिवाणूच मरतात. शोभेच्या एका प्राण्यासाठी एवढी किंमत द्यावी काय, याचा विचार विशेषतः महाविद्यालयीन विभागांनी करावयास हवा.

प्राणी कोठून आणावा

ओहोटीच्या वेळी सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांत लहान समुद्रफुले दिसतात. ती उचलून आणण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील कोणताही वन्यजीव परवानगीशिवाय हलविता येत नाही. अभयारण्याबाहेरही, खडकावरून खरवडताना पाय फाटलेले समुद्रफूल सहसा जगत नाही. बाजारातील बहुतेक समुद्रफुले समुद्रातूनच पकडलेली असतात. अपवाद मुख्यतः फुगीर टोकांचे संस्पर्शक असलेल्या एंटॅक्मिया क्वाड्रिकलर या जातीचा. ती टाकीतच दुभंगून वाढते व तिचे असे वंशज उपलब्ध होतात, म्हणून प्रथमच पाळणाऱ्याने तीच निवडावी.

क्लाऊनफिशचे प्रजनन मात्र मानवी देखरेखीखाली होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. हा मासा समुद्रफुलाला उपयोगी पडतो; त्याच्या उत्सर्जनातील अमोनिया शैवालास मिळतो, आणि रात्री त्याच्या हालचालीने संस्पर्शकांमधील पाणी खेळते राहते. पण अशक्त समुद्रफुलावर तो अंग घासत राहिला, तर ते फुलण्याचेच सोडून देते. म्हणून रंग परतेपर्यंत आणि प्राणी सलग काही आठवडे नियमित खाऊ लागेपर्यंत माशास दूर ठेवावे. दोघे एकाच टाकीत असल्यास मध्ये सच्छिद्र पडदा लावावा.