ब्रिज मोड: घरात वॉचमन एकच हवा

या भागात जे बोललो ते थोडं साफसूफ करून इथे लिहितोय. कारण एका हातात केबल, कानात इअरफोन आणि दर मिनिटाला ऑडिओ मागे-पुढे, असं करत सेटिंग होत नाही. स्वानुभव आहे.

तर झालं असं. गणपतीत गावी गेलो होतो. सोबत नवा कोरा राउटर. फायबरचा जो डबा भिंतीवर असतो, म्हणजे ओएनटी, तो ब्रिज मोडवर टाकायचा असं ठरवूनच गेलो होतो. अर्ध्या तासात नेट मस्त पळायला लागलं. मी खूश. संध्याकाळी आजी म्हणाली, "अरे, फोन मुका झालाय." आमच्याकडे लँडलाइन त्याच डब्यातून येते, आणि आजीच्या बहिणीचा फोन रोज त्याच नंबरवर येतो. डब्याच्या सेटिंगमध्ये दिसलेली एक 'जास्तीची' एंट्री मी उडवली होती. ती फोनची होती. मग घाबरून रीसेटची पिन दाबली, तर नेटही गेलं. दोन दिवस घर बंद. बाबा एकच वाक्य बोलले, "चालू होतं ना? मग हात कशाला लावलास?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर म्हणजे हा भाग.

डबा नेमकं काय करतो?

दोन कामं. पहिलं, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं इथरनेटमध्ये रूपांतर. हे काम फक्त तोच करू शकतो. दुसरं, राउटरचं काम: वायफाय देणं, प्रत्येक फोनला आयपी देणं आणि नॅट.

नॅट म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. आतून कोण बाहेर गेलं ते रजिस्टरमध्ये लिहितो आणि उत्तर आलं की बरोबर त्या फ्लॅटला पोचवतो. पण न मागवलेलं पार्सल आलं, तर ते कोणाचं हे त्याला कळत नाही. तो परत पाठवतो.

आता या डब्याला तुम्ही स्वतःचा राउटर जोडलात की दोन गेट, दोन वॉचमन. याला डबल नॅट म्हणतात. यूट्यूब, व्हॉट्सॲप आरामात चालतं, कारण तिथे सुरुवात आतून होते. अडतं ते बाहेरून आत येताना: गेम होस्ट करणं, पोर्ट फॉरवर्डिंग, घरचा सर्व्हर. आणि टीव्ही एका वायफायवर, फोन दुसऱ्यावर असेल तर कास्ट करताना टीव्ही सापडतच नाही.

ब्रिज मोड म्हणजे डब्यातल्या वॉचमनला सुट्टी. डबा फक्त प्रकाशाचं काम करतो, बाकी सगळं तुमचा राउटर. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर तो १००चाच राहतो, हेही ऐकून ठेवा.

आधी तपासा, तुम्हाला हे हवंय का?

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर डबल नॅट आहे.

मग डब्याच्या पानावरचा वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनीच्या बाजूलाही एक वॉचमन बसलाय. त्याला सीजीनॅट म्हणतात. तो ब्रिज मोडने हटत नाही. त्यासाठी कंपनीकडून पब्लिक आयपी मागावा लागतो.

आणि तुम्हाला फक्त आतल्या खोलीत चांगलं वायफाय हवं असेल तर? ब्रिज मोड नकोच. उलटं करा: नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. वॉचमन डब्यातलाच, नवा राउटर फक्त वायफाय पसरवणार. डब्याला हातही लागत नाही. खरं सांगू? आमच्या घरी एवढंच पुरेसं होतं.

तरीही करायचंच असेल तर

१. आधी कंपनीकडून पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी घ्या. पासवर्ड हातात नसताना सुरुवात करू नका. पीपीपीओई वापरत नसतील तर कनेक्शन कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा.

२. डब्यात लॉगिन करा. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो, खालच्या स्टिकरवर बघा. वॅनच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. वॅनचा पर्यायच दिसत नसेल तर ब्रिज मोड कंपनीलाच करायला सांगा.

३. यादीत दोन-तीन कनेक्शन असू शकतात. 'इंटरनेट' लिहिलेलंच बदला. 'व्हीओआयपी' म्हणजे फोन. 'टीआर ०६९' म्हणजे कंपनीचा लांबून देखभाल करायचा रस्ता. या दोघांना हात लावू नका. माझी चूक इथेच झाली.

४. इंटरनेटचं कनेक्शन रूटवरून ब्रिजवर करा. व्हीलॅन आयडी तसाच ठेवा आणि कोणत्या लॅन पोर्टला जोडायचं ते निवडा. डब्याचं वायफाय बंद करा.

५. त्या पोर्टमधून केबल राउटरच्या वॅन पोर्टला. राउटरमध्ये पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड टाका. एमटीयू १४९२ ठेवा, कारण पॅकेटच्या १५०० बाइट्सपैकी ८ पीपीपीओई स्वतः खातं.

६. जोडलं गेलं नाही तर व्हीलॅनचा टॅग बघा. तो डबा लावत असेल तर राउटरने पुन्हा लावायचा नाही.

रीसेटची पिन मात्र शेवटपर्यंत दाबू नका. काही डब्यांमध्ये कंपनीने भरलेली ओळख त्याने पुसली जाते, मग त्यांनी ती पुन्हा भरेपर्यंत लाइन उठत नाही. आमचं तेच झालं.

नंतरची जबाबदारी

आता गेटवर तुमचा राउटर एकटा आहे. ॲडमिन पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा, बाहेरून लॉगिन बंद ठेवा. घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर त्याचा पोर्ट थेट उघडू नका, राउटरवर वायरगार्डसारखं व्हीपीएन लावा.

आणि शेवटची टेस्ट स्पीडची नाही. लँडलाइन उचला, डायल टोन ऐका. घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुमचं सगळं चालतंय ना?" मगच डब्याजवळून उठा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर केबल जपा, फायबर वाकवू नका!