शेतकऱ्याचें स्वतःचें संकेतस्थळ : किती शिकावें व कशासाठीं

वर्तकनगरांतील एखाद्या घरीं तांदूळ संपत आला म्हणजे आतां वाण्याकडे यादी पाठविण्यापूर्वीं मोबाइलवर शोध घेतला जातो. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलीं हीं कुटुंबें मुरबाड, शहापूर व वाडा या भागांत भात पिकविणाऱ्यांस जवळचें गिऱ्हाईक होत. वाडा कोलम या तांदुळास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फळें व भाजीपाला यांच्या बाजार-आवाराबाहेरील विक्रीवरचें नियमन तर राज्य सरकारनें २०१६ सालींच उठविलें. माल आहे, मागणी आहे, वाटहि बरीच मोकळी झाली आहे. असें असतां शोध घेणाऱ्यापुढें जीं नांवें येतात तीं बहुधा व्यापाऱ्यांचीं व मोठ्या दुकानदार कंपन्यांचीं असतात. पिकविणाऱ्याचें नांव येत नाहीं, कारण त्यानें आपलें पान लिहिलेलेंच नसतें.

असें पान लिहिणें हें अभियंत्याचेंच काम आहे, असा समज आपल्यांत रूढ आहे. तो खरा नव्हे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं ज्या योजनेचा मसुदा केला व १९९१ सालीं जी जगापुढें ठेविली, तिच्या पहिल्या वर्णनांत पान लिहिण्यास लागणाऱ्या खुणा अवघ्या १८ होत्या. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही पद्धति सर्वांस विनामूल्य खुली केली. आज खुणा शंभराच्या घरांत गेल्या आहेत. परंतु शेतमालाच्या पानास त्यांपैकीं दहाबारा पुरे होतात. खूण म्हणजे कोनी कंसांत लिहिलेलें एखादें रोमन अक्षर किंवा लहानसा शब्द. ‘एच’ या अक्षरापुढें एकाचा आंकडा घातला कीं पुढील मजकूर मोठा मथळा होतो. ‘पी’ लिहिलें कीं परिच्छेद सुरू होतो, आणि तेंच अक्षर तिरप्या रेघेसह पुन्हां लिहिलें कीं तो संपतो. बांधलेलें जनावर सोडावेंहि लागतें, तसेंच हें आहे. नवशिक्यांच्या बहुतेक चुका सोडावयास विसरण्याच्याच असतात. यादी, कोष्टक, चित्र आणि दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा यांच्या खुणा याच जातीच्या. संगणकांत मुळांतच असलेल्या साध्या टिपणवहींत हें सर्व लिहितां येतें. या लेखनपद्धतीस एचटीएमएल म्हणतात. रंग, समास, अक्षराचा आकार हीं ठरविणारी जोडभाषा सीएसएस होय. ती मागाहून शिकली तरी चालतें. मात्र मोबाइलच्या रुंदीप्रमाणें पान बसवावें अशी एक ओळ आरंभीं घालावयास विसरूं नये, नाहीं तर सगळा मजकूर मुंगीएवढा दिसतो.

नवशिके हटकून चित्रें फार घालतात. मराठीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो वा मात्रा, सध्यांच्या पद्धतींत तीन बाइट जागा घेतें. मोबाइलनें काढलेलें शेताचें एक छायाचित्र सहज चाळीस लक्ष बाइटांचें असतें, म्हणजे तेवढ्या जागेंत मराठीचीं तेरा लक्ष चिन्हें मावतील! घाटांत किंवा इमारतीच्या उद्‌वाहनांत, जेथें लहरी क्षीण असतात, तेथें तें चित्र उतरण्यापूर्वींच गिऱ्हाईक कंटाळून निघून जातें. चित्र आधीं लहान करून घ्यावें. एकच घालावें, पण आपल्याच शेताचें घालावें.

लिपीची अडचण याहून जुनी आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर ज्या यंत्रांत तो टंक नाहीं तेथें निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो, कारण आंत रोमन अक्षरांच्याच जागा असून वर देवनागरीचे केवळ मुखवटे असतात. कित्येक सहकारी संस्थांचे जुने अहवाल याच कारणानें शोधांत सांपडत नाहींत. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोड या प्रमाणांत देवनागरीस प्रथमपासून स्वतंत्र जागा दिलेली आहे. तेव्हां युनिकोडशिवाय एक ओळहि लिहूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची बाब. संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात : पत्ता, जागा आणि पान. पान आपण लिहिलें. जागा म्हणजे सतत चालू असलेल्या दुसऱ्याच्या संगणकांत भाड्यानें घेतलेलें कोठार. आणि पत्ता म्हणजे लोक ज्या नांवानें आपणांस शोधतात तें नांव. कोठार बदलतां येतें, पान पुन्हां लिहितां येतें, पण गेलेला पत्ता परत मिळेलच असें नाहीं. जमिनीच्या बाबतींत सातबाऱ्यावर कोणाचें नांव आहे हें आपण दहादां पाहतों. पत्त्याची नोंद कोणाच्या नांवें आहे हें मात्र कोणी विचारीत नाहीं. संस्था एखाद्या कारागिराकडून संकेतस्थळ करून घेतात, तो सोयीसाठीं पत्ता स्वतःच्या नांवें नोंदवितो, आणि दोन वर्षांनीं तो गांव सोडून गेला किंवा त्याच्याशीं बिनसलें कीं संस्थेचें नांव त्याच्याच मुठींत राहतें. शिवाय हा पत्ता मालकी हक्काचा नसून मुदतीचा असतो. एका वेळीं अधिकांत अधिक १० वर्षांची नोंद होते, आणि मुदत भरतांना शुल्क भरलें नाहीं तर कांहीं काळानें कोणीहि तो उचलतो. जमीनमहसूल थकला तर निदान नोटीस तरी घरीं येते. येथें ती ज्या ई-मेलवर येते तो कोणाचा आहे हें पाहणें अगत्याचें आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटाचे पत्ते देवनागरींत, मराठींतहि, घेतां येतात. मराठी ग्राहकास ते वाचण्यास सोपे. परंतु कांहीं फॉर्म ते अद्यापि स्वीकारीत नाहींत, म्हणून एक रोमन पत्ताहि जोडीला असावा.

एचटीएमएल ही मांडणीची भाषा. हिशेब करणारी नव्हे. हिशेबासाठीं आज्ञावली लिहावी लागते, आणि ज्यानें एक्सेलच्या कोष्टकांत पोत्यांची संख्या व दर यांचा गुणाकार करणारें सूत्र एकदां लिहिलें, त्यानें आज्ञावली लिहावयास आरंभ केलाच म्हणावयाचा. समजा, तांदुळाचा दर किलोस ७० रुपये आहे व २५ किलोंवर पोंचविण्याचा खर्च घ्यावयाचा नाहीं. ‘जर वजन पंचवीस किंवा अधिक, तर खर्च शून्य; नाहीं तर अमुक’ एवढें शुद्ध मराठींत मांडतां आलें कीं पुढील काम भाषांतराचें राहतें. यांत एक नियम कटाक्षानें पाळावा : दर एकाच ठिकाणीं लिहावा व इतरत्र तेथूनच घ्यावा. गांवांत दोन मापें असलीं म्हणजे तंटे होतात. पानावर दोन दर असले म्हणजेहि तेंच होतें.

सांगितलें कीं सबंध पान लिहून देणारीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें आतां निघालीं आहेत. त्यांचा उपयोग खुशाल करावा. परंतु गुमास्त्यानें लिहिलेली खतावणी धन्यास वाचतां यावी लागते, तितपत ज्ञान येथेंहि अवश्य आहे.

पानावर काय लिहावें या प्रश्नाचें उत्तर वारणेकडे पाहिल्यास मिळतें. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगर भोंवतालच्या ७० गांवांत १९९८ सालीं सरकारनें व तेथील सहकारी संस्थांनीं संगणक-केंद्रें उभारलीं. शेतीचें ज्ञान, बाजारभाव, शिक्षण असे हेतू पुष्कळ होते. प्रत्यक्षांत शेतकरी मुख्यत्वें आपल्या उसाचें वजन, तोडणीची पाळी व बिलाची रक्कम हींच विचारण्यास येत. पुढें २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधनशाळेनें सात गांवांत हीच माहिती मोबाइलच्या संदेशानें देऊन पाहिली. संगणकावांचून काम भागलें. माणूस ज्या प्रश्नासाठीं चालत येतो तोच प्रश्न पानाच्या माथ्यावर असला पाहिजे. वर्तकनगरच्या गिऱ्हाइकाचे प्रश्न तीन असतात : तांदूळ नवा कीं जुना, किलोचा दर काय, आणि घरीं कोणत्या वारीं पोंचेल. संस्थेच्या अध्यक्षांचें छायाचित्र त्यांत येत नाहीं.

घरचें कोणी तरी हें शिकूं शकतें. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत आपल्या पिकाची नोंद ज्या शेतकऱ्यांनीं स्वतः मोबाइलवर केली त्यांस यंत्राचें भय राहिलेलें नाहीं. फरक इतकाच कीं तेथें दुसऱ्यानें आंखलेला तक्ता भरावयाचा असतो व येथें तो आपण आंखावयाचा. एमएस-सीआयटी झालेलीं मुलें गांवोगांव आहेत; त्यांचा अभ्यास मुख्यतः वापराचा असला तरी टंकलेखनाची सवय असल्यानें पहिलें पान त्यांस आठवड्याभरांत जमावें. मात्र एकावरच विसंबूं नये. निदान दोघांस तें यावें, आणि परवलीचे शब्द संस्थेच्या तिजोरींत लखोट्यांत असावेत. पैसे स्वीकारण्याची यंत्रणा घरीं रचण्याचा मोह मात्र टाळावा. तें काम बँकेच्या तयार सोयीवर सोंपवावें, आणि ग्राहकांचे दूरध्वनि-क्रमांक उघड्या पानावर कधींहि ठेवूं नयेत.

भाताची झोडणी आटोपली कीं हें काम हातीं घेण्यास सवड असते. पहिलें पान चार ओळींचें असलें तरी चालेल : नांव, गांव, वाण, दर. शिल्लक तांदूळ संपला म्हणजे ‘संपला’ असें त्याच दिवशीं लिहावें.